चालत्या प्रकाशाची संहिता

चंदीगढच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये उच्च न्यायालय आणि विधानभवन यांच्यामध्ये जे विस्तीर्ण फरसबंद पटांगण आहे, त्याच्या कडेला ‘ज्यामितीय टेकडी’ या नावाची एक रचना आहे. एका अंगाने हिरवळीचा उतार आणि दुसऱ्या अंगाने काँक्रीटचे सपाट पृष्ठ असे तिचे स्वरूप. त्या पृष्ठावर वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याने योजिलेली एक आकृती आहे. एक आडवी रेषा, आणि तिच्यावर चढून पुन्हा तिच्याखाली उतरणारी एक वळणदार रेघ. आडवी रेषा म्हणजे क्षितिज. वळणदार रेघ म्हणजे सूर्याचा चोवीस तासांचा प्रवास. वरचा बाक दिवसाचा, खालचा रात्रीचा. माणसाच्या दिनक्रमाचे हे चिन्ह कॉर्ब्युझिएच्या अनेक आलेखांत आढळते.

रंगमंचाच्या प्रकाश-कन्सोलसमोर बसणाऱ्या एखाद्या तंत्रज्ञाला ही आकृती दाखविली, तर तो ती तत्काळ ओळखील. मात्र सूर्याचे चिन्ह म्हणून नव्हे. त्याच्या पडद्यावर नेमकी हीच आकृती ‘इफेक्ट’ या सोयीचे चिन्ह म्हणून रोज त्याच्या डोळ्यांसमोर असते. आडवी रेषा म्हणजे दिव्याची मूळ स्थिती, आणि वळणदार रेघ म्हणजे त्या स्थितीच्या वर-खाली होणारी दिव्याची हालचाल. हे साम्य प्रभावातून आलेले नाही. आवर्ती गती कागदावर काढावयाची म्हटली की ती अशीच निघते. तथापि या साम्याचा आधार घेऊन रंगमंचावरील ‘चालता प्रकाश’ कसा रचला जातो हे समजून घेता येते, आणि साहित्याच्या अभ्यासकाला ते समजून घेण्याचे एक कारणही आहे. आपण नाटकाची संहिता जपतो, तिच्या पाठभेदांची चर्चा करतो. पण प्रयोगाचा जो भाग आज संगणकाच्या स्मृतीत लिहिला जातो, त्याला आपण लेखन मानीतच नाही. तो लेखनच आहे, आणि तो आपल्या देखत नष्ट होत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

छापील मराठी नाटकांतील रंगसूचना पाहाव्यात. ‘हळूहळू अंधार होतो’, ‘मंद निळसर प्रकाश पसरतो’, ‘पहाट उजळत जाते’ अशी त्यांची भाषा. वाचकाला ती पुरेशी आहे. कन्सोलला मात्र ‘हळूहळू’ या शब्दाचा अर्थ कळत नाही. त्याला तीन सेकंद की तीस सेकंद, हे सांगावे लागते. संस्कृत नाटककाराला ही अडचण नव्हती, कारण त्याचा प्रकाश श्लोकातच असे. ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या अंकाच्या अखेरीस वसंतसेनेला घरी पोहोचवावयाचे आहे, चारुदत्त दिवे लावावयास सांगतो, आणि दिव्यांत घालावयास घरात तेलच नाही असे निघते. त्यावर तो उगवत्या चंद्राकडे बोट दाखवितो आणि राजमार्गाचा दिवा म्हणून त्याचे वर्णन करतो. भर दिवसा, उघड्या उजेडात प्रयोग चालला असला तरी चंद्र उगवतो. देवलांचे ‘मृच्छकटिक’ रंगमंचावर आले तेव्हा तेलाच्या आणि गॅसच्या दिव्यांचा जमाना होता. त्याही काळी चंद्रोदयाचा मोठा भार शब्दांनी आणि पदांनीच वाहिला असणार. विजेचे दिवे आले, ते मंद-प्रखर करणारे डिमर आले, आणि जे वर्णन पात्राच्या तोंडी होते ते हळूहळू प्रकाशयोजनाकाराच्या हाती गेले. ‘हाती’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. तापस सेन यांनी १९५९ साली कलकत्त्याच्या रंगभूमीवर ‘सेतू’मध्ये धावत्या आगगाडीचा आणि उत्पल दत्तांच्या ‘अंगार’मध्ये खाणीत चढत जाणाऱ्या पाण्याचा आभास प्रकाशाने निर्माण केला, तो आजच्यासारखी संगणकीय कन्सोल अस्तित्वात नसताना. अशा प्रसंगांची वर्णने आपल्याकडे आहेत; पण वर्णने परिणामाची असतात, कृतीची क्वचितच.

आता कृतीकडे वळू. रंगमंचाच्या मागील बाजूस एका आडव्या बारवर एकेक मीटर अंतराने बारा दिवे टांगलेले आहेत, अशी कल्पना करावी. डावीकडून उजवीकडे प्रकाशाची एक लाट जात राहावी, अशी दिग्दर्शकाची इच्छा आहे. जुनी रीत अशी की पहिला दिवा प्रखर, बाकीचे मंद, अशी एक स्थिती नोंदवावयाची. मग दुसरा प्रखर, ही दुसरी स्थिती. अशा बारा स्थिती नोंदवून त्या ओळीने फिरवावयाच्या. याला तंत्रज्ञ ‘चेस’ म्हणतात. लग्नाच्या मांडवावरील धावत्या दिव्यांची माळ हे याचेच ओबडधोबड रूप. यात गती दिसते खरी, पण ती पायऱ्यापायऱ्यांची. आणि दिव्यांची संख्या किंवा वेग बदलावयाचा म्हटले की पुष्कळसे काम पुन्हा करावे लागते.

‘इफेक्ट’ची रीत मुळातच वेगळी आहे. येथे स्थिती नोंदविली जात नाही; स्थिती कशी बदलावी याचा नियम नोंदविला जातो. नियमाचे घटक चार. पहिला, आधारमान: दिवा मुळात किती प्रखर आहे. दुसरा, आयाम: त्या आधारमानाच्या वर आणि खाली त्याने किती जावे. तिसरा, आवर्तनकाल: एक फेरा किती सेकंदांत पुरा व्हावा. चौथा घटक सर्वांत महत्त्वाचा. पदार्थविज्ञानाच्या मराठी परिभाषेत त्याला ‘कला’ म्हणतात. फेऱ्याच्या कोणत्या टप्प्यावर एखादा दिवा या क्षणी आहे, ते सांगणारा कोन म्हणजे कला. संपूर्ण फेरा ३६० अंशांचा. चंद्राच्या कलांवरून हा शब्द आपल्याला मुळीच अपरिचित नाही, आणि इंग्रजीतील पर्यायी शब्दही असाच चंद्राला आणि लाटेला समाईक आहे. एका प्रचलित जर्मन कन्सोलने तर या सोयीचे नावच ‘फेजर’ असे ठेवले आहे.

बाराही दिव्यांना तोच तरंग, तोच आयाम, तोच आवर्तनकाल दिला आणि सर्वांची कला एकच ठेवली, तर बाराही दिवे एकदम उजळतील आणि एकदम मंदावतील. पाहणाऱ्याला श्वासाचा भास होईल, प्रवासाचा होणार नाही. आता दर दिव्याची कला मागच्या दिव्यापेक्षा ३० अंशांनी मागे ठेवावी. नियम तोच, फक्त प्रत्येक जण तो किंचित उशिरा पाळतो. लगेच डोळ्याला लाट जाताना दिसू लागते. आवर्तन ६ सेकंदांचे असेल तर लाटेचा माथा दर अर्ध्या सेकंदाने पुढच्या दिव्यावर जातो, म्हणजे सेकंदाला दोन मीटर, झपझप चालणाऱ्या माणसाहून थोडा अधिक वेग. आवर्तन ४० सेकंदांचे केले तर तीच लाट ढगाची सावली वाटते. एकही दिवा जागचा हललेला नसतो. ज्याला आपण गती म्हणतो ते बारा स्थिर वस्तूंमधील कलांतर असते.

येथे नवशिक्याची एक ठरलेली चूक होते, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. तो कन्सोलला ‘० ते ३६०’ असे कलांतर वाटावयास सांगतो. कन्सोल ते बारा दिव्यांत इमानाने वाटते. पण ० अंश आणि ३६० अंश हे एकच असल्यामुळे पहिला आणि बारावा दिवा एकाच वेळी उजळतात, आणि लाट दर फेऱ्याला अडखळल्यासारखी दिसते. खरी सूचना ‘० ते ३३०’ अशी हवी. कन्सोल दिव्यांची जी ओळ धरते ती बारवरील ओळ नव्हे, तंत्रज्ञाने दिवे ज्या क्रमाने निवडले तो क्रम असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. तेच बारा दिवे मध्यापासून दोन्ही बाजूंना निवडले तर लाट फुटून दोहीकडे पसरते. वाटेल तसे निवडले तर पाण्यावरील चमक दिसते. शब्द तेच असून अन्वय बदलला की अर्थ बदलावा, तसा हा प्रकार आहे.

आयामाचीही एक मर्यादा आहे. दिव्याचे आधारमान शेकडा ८० असून वर-खाली ३० इतका आयाम दिला, तर गणिताने तो ५० ते ११० असा फिरला पाहिजे. पण १०० च्या पलीकडे प्रकाश नाही. म्हणून तरंगाचा माथा छाटला जातो, आणि आवर्तनाचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक काळ दिवा नुसता पूर्ण प्रखर राहतो. लाट मग लाटेसारखी न दिसता जेवून सुस्तावल्यासारखी दिसते. अनुभवी माणूस अशा वेळी आयाम न घटविता आधारमान खाली आणतो. आधी जागा करावयाची, मग हालचाल. हे शहाणपण कन्सोलच्या माहितीपुस्तकापेक्षा तबलजीकडून शिकण्याजोगे आहे.

वरील सर्व चर्चा स्थिर दिव्यांची झाली. १९८१ पासून पाश्चात्य संगीताच्या मंचावर, आणि पुढे नाटकातही, दुसरी एक जात आली: जो दिवा स्वतःच मान फिरवितो. त्याला दोन हालचाली असतात. आडवी, म्हणजे उभ्या अक्षाभोवती वळणे. आणि उभी, म्हणजे वर-खाली झुकणे. पुष्कळ दिव्यांत आडवी हालचाल ५४० अंशांपर्यंत जाते. कन्सोलकडून दिव्याकडे आज्ञा नेणारी जी पद्धत १९८६ मध्ये ठरली, त्या ‘डीएमएक्स ५१२’मध्ये एका आज्ञेच्या पायऱ्या असतात अवघ्या २५६. भागाकार केला तर एक पायरी दोन अंशांहून थोडी अधिक, म्हणजे दहा मीटरवर झोत एकदम सुमारे ३७ सेंटीमीटर उडी मारणार. संथ हालचालीत हे असह्य होते. म्हणून एकाच हालचालीसाठी दोन आज्ञा जोडून पायऱ्या ६५,५३६ करतात. मग तीच उडी दीड मिलिमीटरहून कमी होते, आणि डोळ्याला ती सलग वाटते. रंगमंचावरील सलगता ही अशी पुरेशा बारीक तुकड्यांची असते.

झोत वर्तुळात फिरवावयाचा तर आडव्या हालचालीला एक तरंग आणि उभ्या हालचालीला तोच तरंग, पण ९० अंशांच्या कलांतराने, द्यावा लागतो. कलांतर शून्य ठेवले तर झोत तिरप्या रेषेत येरझारा घालतो. उभ्या हालचालीचा वेग दुप्पट केला तर इंग्रजी आठाचा आकडा आडवा पडलेला दिसतो. कागदावर हे सारे सुबक आहे. प्रत्यक्षात दिवा तिरपा लागला असल्यामुळे मंचावर वर्तुळाची लंबवर्तुळे होतात. आणखी एक गंमत अशी की दिवा अगदी सरळ खाली पाहत असताना आडव्या हालचालीने काहीच होत नाही. झोत स्वतःभोवती फिरतो, जागा सोडीत नाही. उलट सरळ खालच्या दिशेपासून तो किंचितच कलला असेल, तर मंचावरील दोन जवळच्या बिंदूंमध्ये जाण्यासाठी मान भर्रकन फिरवावी लागते.

याच ठिकाणी पुन्हा चंदीगढला यावे लागते, कारण आकाशातील दिव्याचीही तीच अडचण आहे. चंदीगढचे अक्षांश सुमारे ३०.७ अंश उत्तर. २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३ अंश उंच, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो ३६ अंशांवरच थांबतो. डोक्यावरून जाताना त्याची क्षितिजदिशा भर मध्यान्ही ताशी सुमारे १०८ अंश या वेगाने बदलते. हिवाळ्यात तोच वेग ताशी १७ अंश असतो. म्हणजे उन्हाळ्यातील सावली मध्यान्हाच्या आसपास आखूड असते आणि झर्रकन वळते, हिवाळ्यातील लांब असते आणि संथ सरकते. दिवसाच्या तरंगावर वर्षाचा तरंग चढलेला असतो. कन्सोलच्या भाषेत सांगावयाचे तर एका इफेक्टचे आधारमान दुसरा इफेक्ट हलवीत असतो.

ही संहिता वाचून दाखविण्यासाठीच जणू त्या पटांगणावर ‘छायांचा मनोरा’ उभा आहे. या इमारतीत कचेरी नाही, दालन नाही, दार नाही. उत्तरेची बाजू मोकळी; उरलेल्या तीन बाजूंना सूर्य अडविणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या, प्रत्येक बाजूच्या उन्हाप्रमाणे वेगळ्या. सूर्य कोणत्याही दिशेला असो, त्याला आवर घालता येतो हे दाखविणे एवढेच तिचे प्रयोजन. तिची कोणतीही पट्टी हलत नाही. बदलतो तो प्रकाशाचा कोन, आणि फरशीवरील रेषा सरकत राहतात. आजचा प्रकाशयोजनाकार स्थिर दिव्यांना कलांतर देऊन गती निर्माण करतो. येथे दिवा चालता आहे आणि कलांतर काँक्रीटमध्ये ओतलेले आहे. कॉर्ब्युझिए १९६५ मध्ये वारला, आणि हा मनोरा त्यानंतर, त्याने मागे ठेवलेल्या नकाशांवरून बांधण्यात आला. ‘उघडा हात’ हे वाऱ्याने फिरणारे शिल्प तर १९८५ मध्ये उभे राहिले. कर्ता गेल्यावरही या कृती घडू शकल्या, कारण त्यांचा नियम कागदावर होता. हे सर्व संकुल २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ही नंतरची गोष्ट.

सचिवालयाची इमारत २५४ मीटर लांब आहे. तिच्या काचांमध्ये काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या बसविल्या आहेत, आणि त्या सारख्या अंतरावर नाहीत. कोठे दाटीने, कोठे विरळ, पुन्हा दाटीने. या रचनेला ‘तरंगित काच’ असे नाव आहे. तिच्या मागे कॉर्ब्युझिएच्या पॅरिसमधील कार्यशाळेत काम करणारा एक तरुण ग्रीक अभियंता होता, यानिस झेनाकिस. तो संगीतकारही होता. कॉर्ब्युझिएने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मॉड्युलर’च्या दुसऱ्या खंडात त्याच्या या कामाची नोंद केली आहे. सचिवालयासमोरून समान गतीने चालत जाणाऱ्याच्या डोळ्यांवरून या पट्ट्या विषम अंतराने जातात, आणि लय कमी-जास्त होत असल्याचा भास होतो. आवर्तनकाल स्थिर ठेवून आघातांची वाटणी बदलणे, हे कोणत्याही भारतीय श्रोत्याला समजावून सांगावयास नको.

याच झेनाकिसचे पुढील आयुष्य आपल्या विषयाचा इतिहासच आहे. १९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीच्या दालनाचे काम कॉर्ब्युझिएकडे आले. तो चंदीगढच्या कामात गुंतलेला. दालनाचा आकार मुख्यतः झेनाकिसने घडविला. आत आठ मिनिटांचा एक प्रयोग होई, ‘इलेक्ट्रॉनिक काव्य’ या नावाचा. संगीत एदगार व्हारेझ याचे. प्रतिमा आणि रंगीत प्रकाश कॉर्ब्युझिएचे. नट नाही, शब्द नाही. सर्व दिवे, प्रक्षेपक आणि शेकडो ध्वनिक्षेपक एका चुंबकीय फितीवरील आज्ञांनी चालत. फितीला पंधरा मार्ग होते आणि त्यांवरून १८० वेगवेगळ्या आज्ञा देता येत. ब्रुसेल्सच्या मागे लिहून ठेवलेली एक संहिता होती, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. कॉर्ब्युझिएने ४८० सेकंदांचा सेकंदवार आलेख केला होता: अमुक सेकंदाला क्षितिज तांबडे, अमुक सेकंदाला काळोख, अमुक वेळी अमुक प्रतिमा. १९५९ मध्ये दालन पाडण्यात आले. आलेख राहिला. पुढे संगणकाच्या साहाय्याने त्या प्रयोगाची पुनर्रचना करण्याचे जे प्रयत्न झाले, ते या कागदांमुळे शक्य झाले.

झेनाकिस १९५९ मध्ये कॉर्ब्युझिएपासून अलग झाला. १९७२ मध्ये पॅरिसच्या क्ल्युनी येथील प्राचीन रोमन स्नानगृहांच्या कमानींखाली त्याने सहाशे चमकदिवे आणि तीन लेसर-झोत संगणकाने तयार केलेल्या फितीवरून चालविले. आज्ञा सेकंदाला पंचवीस. (डीएमएक्सवर आज्ञांचा पूर्ण संच सेकंदाला सुमारे ४४ वेळा जाऊ शकतो, तेव्हा अर्धशतकात या बाबतीत फार मोठी उडी झालेली नाही.) दिव्यांची ओळ, फिरणारी नक्षी, पसरणारे वर्तुळ हे सर्व तेथे नियमांनी रचलेले होते. चंदीगढच्या काचांमधील दाट-विरळ पट्ट्यांची रचना आणि क्ल्युनीच्या अंधारातील चमकदिव्यांची रचना यांत एकच मन काम करीत होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता आपल्याकडील परिस्थिती. मराठी नाटक फिरते नाटक आहे. दादरच्या शिवाजी मंदिरातून ते पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात जाते, तेथून एखाद्या तालुक्याच्या सभागृहात. एके ठिकाणी मागच्या बारवर बारा दिवे, दुसरीकडे आठ, तिसरीकडे चार आणि त्यांतला एक बंद. बारा स्थितींची नोंद करून ठेवलेली लाट आठ दिव्यांवर चालत नाही. नियम मात्र चालतो: ३६० ला आठाने भागावे, दर दिव्याला ४५ अंश मागे ठेवावे, लाट तीच. दौऱ्यावरचा प्रकाशयोजनाकार हे रोज करतो. तो जे करतो ते एका अर्थी पाठाचे संस्करणच असते. परंतु त्याची प्रत कोणाकडे नसते. असते ती कन्सोलची फाइल, आणि ती त्याच घराण्याच्या कन्सोलला, पुष्कळदा त्याच पिढीच्या कन्सोलला, वाचता येते. कन्सोल बदलले की ती फाइल म्हणजे किल्ली हरवलेली पेटी. दिव्यांकडे गेलेल्या आज्ञा सेकंदाला चव्वेचाळीस या दराने जशाच्या तशा टिपून ठेवण्याचा मार्ग काही जण सुचवितात. तो ध्वनिमुद्रणासारखा आहे. परिणाम हुबेहूब मिळेल, पण बंदिश मिळणार नाही, आणि आठ दिव्यांच्या सभागृहात ते मुद्रण निरुपयोगी ठरेल.

नियम शब्दांत लिहिता येतो काय? येतो, आणि त्याला फारशी जागाही लागत नाही. आधारमान, तरंगाचा प्रकार, आयाम, आवर्तनकाल, कलांतर आणि त्याची दिशा एवढे पुरते. शिवाय दोन गोष्टी, ज्या कन्सोलवरही विसरल्या जातात. एक, इफेक्ट कसा सुरू होतो आणि कसा थांबतो. आधुनिक कन्सोलमध्ये दिलेली आज्ञा पुढची आज्ञा येईपर्यंत चालू राहते. पहिल्या अंकात सुरू केलेली लाट थांबविण्याची सूचना राहून गेली, तर दुसऱ्या अंकाच्या शोकप्रसंगातही ती इमाने इतबारे चालते. आणि थांबविताना ती एकदम तोडली तर दिवा जेथे असेल तेथून आधारमानावर झटक्याने येतो. म्हणून आधी आयाम सावकाश शून्यावर आणावयाचा, मग आधारमानाला हात लावावयाचा. दुसरी गोष्ट, हालचाल कशासाठी आहे. ढग, ज्योत, पाणी, की नुसती अस्वस्थता? हे लिहिले असेल तर पंचवीस वर्षांनी वेगळ्या दिव्यांवर काम करणारा माणूस आकडे बदलू शकेल आणि तरीही मूळ पाठाशी प्रामाणिक राहील.

उदाहरणादाखल ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या अंकाच्या अखेरीसाठी असा पाठ लिहिता येईल. तो कोणत्याही प्रत्यक्ष प्रयोगातील नाही. नाटकात जे घडते त्यावरून येथे रचला आहे.

‘क्यू ३०. दिव्यांत घालावयास तेल नाही असे कळते तेव्हा. समईच्या जागेवरील दोन दिवे, आधारमान २०; त्यावर अनियमित तरंग, आयाम वर-खाली ६, आवर्तन सुमारे दीड सेकंद. दोन दिव्यांत कलांतर नाही, कारण ज्योत एकच आहे.

क्यू ३१. चारुदत्ताची दृष्टी वर जाते तेव्हा. समईचा आयाम ४ सेकंदांत शून्य. त्यानंतर आधारमान ८ सेकंदांत शून्य. ज्योत विझत नाही, तिची गरज संपते. त्याच वेळी मागील बारचे सर्व दिवे ५० सेकंदांत ० ते ३५. पहिल्या २० सेकंदांत तरंग नाही. मग साधा तरंग, आयाम ५, आवर्तन ४० सेकंद, एक संपूर्ण फेरा सर्व दिव्यांत डावीकडून उजवीकडे सारखा वाटून: चंद्रावरून जाणारे पातळ ढग. प्रेक्षकाच्या हे लक्षात येता कामा नये. आल्यास आयाम ३ करावा.

क्यू ३२. वसंतसेनेचे घर येते तेव्हा. आयाम १० सेकंदांत शून्य. चंद्र आहे तेथेच राहतो.’